अंधारे ले-आऊटचा अरुणोदय

पुलगावहून फोन आला तेव्हा मधुकरराव येळणे अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालत होते. फोन संपला तेव्हा नळी जास्वंदीकडून वळून थेट त्यांच्या चपलेत पाणी सोडत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

बोलणं तसं चांगलं झालं होतं. मधुकररावांच्या मुलीसाठी, रक्षासाठी आलेलं स्थळ. मुलाचे वडील ठोंबरे मोकळे गृहस्थ होते. मुलगी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते हे ऐकून त्यांना आनंद झाला, तिला भाजी-भाकरी येते हे ऐकून झाला नाही, कारण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. मधुकररावांनी आपणहून सांगितलं होतं. शेवटी ठोंबऱ्यांनी पत्ता विचारला. चौतीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस पत्ता कसा सांगतो? स्वल्पविरामासकट. मधुकरराव म्हणाले, "प्रभात, प्लॉट नंबर बावीस, अंधारे ले-आऊट, सिंदी मेघेच्या पुढं, वर्धा."

ठोंबऱ्यांनी पत्ता स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. मग ठोंबरे म्हणाले, "प्रभात? आन् तेही अंधारेमदी?" आणि इतके हसले की त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "येताना टॉर्च आणू का जी?"

आता यात मधुकररावांचा दोष काय? वस्ती व्हायच्या आधी तिथं भैयाजी अंधाऱ्यांचं कपाशीचं वावर होतं. भैयाजींनी प्लॉट पाडले, लोकांनी घरं बांधली आणि नाव पडलं अंधारे ले-आऊट. त्यातून पहिली तीन वर्षं रस्त्यावर एकही दिवा नव्हता, त्यामुळे नाव आडनावावरून पडलंय हे सांगूनही कोणाला पटत नसे. मधुकररावांनी सेवानिवृत्तीनंतर घर बांधलं ते याच तीन वर्षांत. घराला त्यांनी हौसेनं 'प्रभात' नाव दिलं आणि संगमरवरी पाटी लावली. त्या पाटीचा आजवर कोणी अपमान केला नव्हता, कारण ती कोणी वाचलीच नव्हती.

"रक्षाची आई, आपल्या वस्तीचं नाव बदललंच पाहिजे," त्यांनी ओल्या चपलेनं घरात येऊन जाहीर केलं.

गोपिकाबाई वांगी चिरत होत्या. "आधी चप्पल बदला," त्या म्हणाल्या.

रक्षा कामावर निघाली होती. ती म्हणाली, "बाबा, लग्न माझं आहे. ले-आऊटचं नाई."

पण मधुकरराव ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. येत्या महिन्यात ठोंबरे मंडळी मुलगी पाहायला येणार. त्याआधी वस्तीला एक नाव हवं, आणि ते असं हवं की कानावर पडताच कोंबडा आरवला पाहिजे, क्षितिज तांबडं झालं पाहिजे. थोडक्यात, घराच्या नावाला साजेसं.

रहिवाशांची सभा रविवारी अकराला ठरली. त्याच वेळी भैयाजी अंधारे गुडघ्याच्या शेकासाठी दवाखान्यात जात असत, हा निव्वळ योगायोग होता. तो मधुकररावांनी भैयाजींच्या दवाखान्याच्या कार्डावरच्या वेळा पाहून जुळवला होता. एरवी भैयाजी म्हणजे त्यांचा रोजचा सोबती. सकाळी साडेसातला मधुकरराव अंधाऱ्यांच्या ओसरीवर चहा घेत आणि भैयाजी त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायला लावत. अशा माणसाच्या तोंडावर 'तुमचं नाव काढून टाकतो' कसं म्हणायचं? त्यापेक्षा शेक घेऊ द्यावा. शेकही महत्त्वाचा असतो.

ओपन स्पेसमध्ये, म्हणजे जिथं कागदावर बगीचा आहे आणि जमिनीवर डांबराची दोन पिंपं आहेत तिथं, खुर्च्या मांडल्या. मधुकररावांनी प्रास्ताविक केलं आणि पहिलं नाव सुचवलं, "उषानगर."

"नाई चालणार," भजनी मंडळाच्या विमलाबाई ताडकन उठल्या. "माह्या जावेचं नाव उषा आहे. सात वर्षं झाले, बोलणं नाई आमचं. आता तिच्या नावाच्या गावात राहू का मी?"

"मग भास्करनगर?"

रूपराव, ज्यांच्या पालेभाज्यांचं वावर वस्तीला लागून होतं, ते मान हलवू लागले. "भास्करभाऊ मागच्या निवडणुकीत पडले. आता वस्तीले त्यायचं नाव देलं का लोकं समजतीन, गेले. उद्या हार घेऊन येतीन त्यायच्या घरी."

रविनगर नागपुरात आहे, पत्रं तिकडं जातील, असं कोकिळाताई म्हणाल्या. त्या शाळेत मराठी शिकवत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कोणी धजत नसे. 'पहाट कॉलनी' हे नाव मात्र सगळ्यांना गोड वाटलं, इतकं की एक-दोघांनी ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. तेवढ्यात एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर घनश्याम उईके म्हणाले, "पहाट म्हणान तर नळ पहाटेच सोडतीन. चार वाजता बकेट घेऊन उभं राहाची तयारी असन तर ठेवा." पहाट तिथंच मावळली.

"घनश्यामभाऊ, तुमच्या गोंडीत काय म्हणतात सकाळले?" कोकिळाताईंनी विचारलं.

"आहे न शब्द. चांगला आहे. पण तुम्ही त्याचं पार वाटोळं करान, म्हणून सांगत नाई."

शेवटी मधुकररावांनी अत्यंत संकोचानं, खाली बघत, 'प्रभातनगर' सुचवलं. सभेला त्यांच्या घराची पाटी त्या दिवशी पहिल्यांदा आठवली. "म्हणजे तुमच्या घराचं नाव पुऱ्या वस्तीले?" असा एकमुखी प्रश्न आला आणि मधुकररावांचा संकोच खरा ठरला.

मग कोणीतरी अरुणोदय म्हणालं. सगळ्यांनी आपापले नातेवाईक मनात मोजले. कोणाच्या घरी अरुण नव्हता. नाव पास होणार तोच कोकिळाताईंनी चष्मा सारखा केला. "एक सांगून ठेवते. अरुण म्हणजे सूर्य नव्हे. सूर्याचा सारथी."

"सारथी म्हणजे?" विमलाबाई.

"रथ हाकणारा."

"म्हणजे ड्रायव्हरच्या नावाची कॉलनी?"

घनश्यामभाऊ खुर्चीतून सावकाश उठले. एकतीस वर्षं त्यांनी हिंगणघाट, आर्वी, कारंजा हाकलं होतं. "काऊन?" ते म्हणाले. "काय वाईट आहे त्यात? ड्रायव्हर आलाच नाई तर तुमचा सूर्य काय पायी येते का?"

अरुणोदय नगर एकमतानं मंजूर झालं.

ग्रामपंचायतीचं नाव इथं मुद्दाम सांगत नाही. अशी दुसरी असेल असंही नाही आणि नसेल असंही नाही. तिथल्या सचिवांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाले, "सह्या आहेत. ठराव आम्ही घेऊ. फक्त मूळ जमीनमालकाचं नाहरकत जोडा."

मधुकररावांनी कचेरीतला आवाज लावला. "कोणत्या नियमानं?"

"नियम नाई जी," सचिव समजुतीनं म्हणाले. "पद्धत आहे."

मधुकररावांनी अर्ज परत घेतला. 'नियम नाही, पद्धत आहे' या एका वाक्यावर त्यांनी स्वतः चौतीस वर्षं काढली होती. त्या वाक्याला तोड असती तर ती त्यांना केव्हाच कोणीतरी ऐकवली असती.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ते ओसरीवर गेले. चहा घेतला. पेपर वाचून दाखवला. नेहमी न वाचलेल्या सरकारी निविदाही वाचल्या. मग खिशातून कागद काढला आणि भैयाजींच्या हातात न देता पेपरखाली ठेवला. भैयाजींनी तो स्वतःच ओढून घेतला, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचला. वाचायला त्यांना इतका वेळ लागला की मधुकररावांनी ओसरीच्या फरशा दोनदा मोजल्या.

"काऊन जी मधुकरराव," भैयाजी शेवटी म्हणाले, "मले सांगतलं असतं तर मी काही नाई म्हणलो असतो का? रविवारी सभा घेतली, मी शेकाले गेलतो तवा."

"योगायोग झाला," मधुकरराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते फार हळू ऐकू आलं.

भैयाजींनी पेन मागितलं आणि ठसठशीत अक्षरात सही केली: प्रभाकर दिनकर अंधारे.

मधुकररावांनी सही पुन्हा वाचली. पाच वर्षं ते या माणसाच्या घरचा चहा पीत होते आणि भैयाजींना भैयाजीखेरीज काही नाव असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. "प्रभाकर?"

"मंग काय! आमच्या घरी पाच पिढ्या हेच चालू आहे. आज्याचं नाव भानुदास. आजा म्हणे, आडनाव काही आपल्या हातात नाई, पण नावात तरी उजेड ठेवा. म्हणून बाप दिनकर. मी प्रभाकर. पोरगा किरण, तो पुण्याले. नातीचं नाव उषा ठेवा म्हणलो, तर सुनेनं रश्मी ठेवलं. चालते. उजेडच आहे." भैयाजी हसले. "शाळेत मास्तर हजेरी घेत तर पोरं हसत. मास्तर म्हणत, काय रे, आधी सकाळ करता आन् लगेच फुंकर मारता! आता तुम्ही आमचंच काम वस्तीसाठी करून राह्यले. करा. चांगलं नाव आहे."

त्यांनी कागद परत दिला. मधुकररावांचा अर्धा कप चहा उरलेला होता. तो त्यांना काही केल्या संपवता येईना.

महिन्याभरात ठराव झाला आणि पाटी लावायची वेळ आली. श्रावण पेंटरला मधुकररावांनी नाव कागदावर लिहून दिलं, र ला ऱ्हस्व उकार लाल शाईनं दाखवला आणि तो लिहून होईस्तोवर समोर उभे राहिले. अक्षरं बिनचूक आली. घोळ चित्रात झाला. श्रावणनं हौसेनं दोन डोंगरांमधून अर्धा सूर्य काढला. विमलाबाई भाजी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "छान आहे. पण हा वर येऊन राह्यला का खाली जाऊन राह्यला?"

मधुकररावांनी पाटीकडे नीट पाहिलं. सूर्य खरोखर कोणत्याही बाजूला जाऊ शकत होता. आता हा उदयच आहे हे कसं दाखवायचं? घनश्यामभाऊंनी पक्षी सुचवले, पण पक्षी संध्याकाळीही उडतात. शेवटी श्रावणनं यावर उपाय काढला आणि कोपऱ्यात एक कोंबडा रंगवला. आरवणारा. श्रावणचा हात अक्षरांना जितका बारीक होता तितका कोंबड्याला नव्हता. कोंबडा सूर्याच्या दुप्पट झाला, चोच 'नगर'मधल्या 'र'ला लागली आणि तुऱ्याला उरलेला सगळा लाल रंग गेला.

आठ दिवसांत ऑटोवाले वस्तीला कोंबडा ले-आऊट म्हणू लागले.

एका माणसानं मात्र नवीन नाव मनापासून उचललं, आणि तो माणूस भैयाजी होता. गॅसवाल्याला ते अरुणोदय नगर सांगत. दूधवाल्याला सांगत. कोणी सवयीनं अंधारे ले-आऊट म्हटलं की काठी उचलून म्हणत, "अंधारे नाई, अरुणोदय म्हणा. ठराव झाला आहे. मी सही देली आहे." यात टोमणा नव्हता, हेच मधुकररावांना सहन होत नव्हतं. टोमणा असता तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

ठोंबरे मंडळी शनिवारी अकराला येणार होती. गोपिकाबाईंनी पोहे भिजवले, गोरसपाक बिस्किटांचा डबा उघडून बशीत लावला. मधुकररावांनी आदल्या दिवशीच नवीन पत्ता रुबाबात कळवला होता. साडेअकरा झाले. बारा झाले. पोह्यांचा लगदा झाला, दुसरे भिजवले. सव्वाबाराला रक्षाच्या फोनवर मुलाचा, वैभवचा फोन आला.

"आम्ही पोचलो," तो म्हणाला. "पण इथले काका म्हणतात, त्यांच्या घरी येळणे कोणी नाई."

"कोणते काका?"

"ज्यांच्या घरी आम्ही पोहे खाऊन राह्यलो ते."

रक्षानं शांतपणे विचारलं, "तुम्हाला येताना नदी लागली का?"

"हाव, वणा."

"म्हणजे तुम्ही हिंगणघाटात आहात."

झालं ते असं. ठोंबऱ्यांनी मोबाईलला अरुणोदय नगर विचारलं. मोबाईलला वर्ध्याचं नवं अरुणोदय नगर ठाऊक नव्हतं, हिंगणघाटातलं जुनं ठाऊक होतं. वर्धा मागं पडलं तरी मोबाईलमधली बाई गोड आवाजात 'सरळ जा' म्हणत होती, म्हणून हे सरळ गेले. तिथं पहिल्याच घरी एक माणूस दारात उभा होता, त्यानं या म्हटलं, हे गेले. त्या घरी कोणी पाहुणे यायचे होते, कोण ते नीट कळलं नव्हतं, म्हणून त्यांनीही विचारलं नाही. पोहे खाऊन झाल्यावर ठोंबरे म्हणाले, आता मुलीला बोलवा. मुलगी आली. ती सातवीत होती.

"परत फिरा," मधुकररावांनी रक्षाच्या हातून फोन घेऊन सांगितलं. "आन् आता अरुणोदय कोणाले विचारू नका. अंधारे ले-आऊट विचारा."

हे वाक्य बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. गोपिकाबाईंच्या आधीच आलं होतं. त्या पोह्यांकडे वळल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

ठोंबऱ्यांची गाडी पावणेदोनला सिंदी मेघे ओलांडून फाट्यावर आली. फाट्यावर सावलीला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. ठोंबऱ्यांनी काच खाली केली. "बावाजी, अंधारे ले-आऊट कुठं आहे?"

"अंधारे आता नाई राह्यलं," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "अरुणोदय नगर विचारा."

"अरुणोदय नको जी!" ठोंबरे हात जोडून म्हणाले. "तिथूनच येऊन राह्यलो!"

गृहस्थांनी त्यांना बराच वेळ समजावलं. ठराव सांगितला, सहीही सांगितली. ठोंबऱ्यांनी ठाम नकार दिला. गाडी अंधाऱ्यांच्या शोधात पुढं सेलूच्या रस्त्याला लागली, पाच किलोमीटरवर एका पानठेल्यावर चौकशी झाली, आणि तिथल्या माणसानं हात उलटा दाखवत म्हटलं, "मागं राह्यलं न. मोठा कोंबडा दिसते का नाई? तिथून आत."

तीनला मंडळी पोचली. ठोंबरे भुकेले नव्हते, पण दमले होते, आणि दमलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही. शिवाय विचारायचं उरलंही नव्हतं. वैभव आणि रक्षा अडीच तास फोनवर बोलत होते. पहिली दहा मिनिटं रस्त्याबद्दल. उरलेला वेळ कशाबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही, मात्र दोघं समोरासमोर आले तेव्हा एकमेकांकडे पाहून आधी हसलेच.

"आमच्याकडून होकार आहे," ठोंबरे म्हणाले. "फक्त पत्रिकेवर पत्ता तो लिहा जो लोकायले सापडन."

त्या रात्री मधुकररावांनी काही ठरवलं नाही. त्यांना झोप उत्तम लागली. ठरवलं सकाळी. अर्ज लिहिला: सदर वस्तीचे नाव पूर्ववत अंधारे ले-आऊट करणेबाबत. रहिवाशांच्या सह्या तासाभरात झाल्या. विमलाबाईंनी तर दोनदा केली. मूळ जमीनमालकाचं नाहरकत लागणार हे त्यांना सचिवांनी सांगायची गरज नव्हती. साडेसातला ते ओसरीवर गेले आणि या वेळी कागद पेपरखाली न ठेवता सरळ भैयाजींच्या हातात दिला.

"भैयाजी, चूक झाली माझी," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी रस्त्यानं येताना पाठ केलं होतं, ते आठवेना. "तुम्हाले न विचारता करायला नको होतं. हे घ्या, तुमचं नाव परत."

भैयाजींनी बोट ठेवून वाचलं. मग कागद घडी करून मधुकररावांच्या खिशात घातला.

"नाई जी. मी सही करत नाई."

"काऊन?"

"एकदा नाव ठेवलं का ठेवलं. पोराचं नाव कोणी दर महिन्यात बदलते का?" भैयाजींनी दिवाणावरून एक पाकीट उचललं. किरणनं पुण्याहून पाठवलेलं होतं. त्यांनी ते दूर धरलं, चष्म्यातून कौतुकानं पाहिलं. "हे पहा. 'प्रभाकर दिनकर अंधारे, अरुणोदय नगर.' पहिले कसं होतं? प्रभाकर अंधारे, अंधारे ले-आऊट. एक सकाळ आन् दोन दोन रात्री. आता मधे एवढंसं अंधारे, आन् दोन्ही बाजूनं उजेड. अन् हे तुम्ही काढून टाकून राह्यले?"

मधुकररावांनी चौतीस वर्षांत हजारो अर्ज परत केले होते. आपला अर्ज परत आल्यावर इतकं हलकं वाटू शकतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशावरून हात फिरवला आणि पेपर उघडला.

दुसरी बातमी चालू असताना भैयाजींचा फोन वाजला. गुडघ्याचं औषध घेऊन कुरिअरवाला आला होता आणि त्याला घर सापडत नव्हतं.

"अरुणोदय नगर," भैयाजी म्हणाले. "हिंगणघाटचं नाई, वर्ध्याचं. नाई नाई, अंधारे नाई म्हणायचं. कोंबडा तर बिलकुल नाई. अ, रु... ऐकून घ्या, ठराव झाला आहे." दहा मिनिटं त्यांनी न चिडता समजावलं. पलीकडच्या माणसानं फोन ठेवून दिला.

"गेला," भैयाजी म्हणाले. "आजकालच्या लोकायले धीरच नाई."

मधुकररावांनी पेपर खाली ठेवला. ते उठले, घरी जाऊन स्कूटर काढली आणि फाट्याकडे निघाले. कुरिअरवाला गाडी वळवून परत जाण्याच्या बेतात होता. मधुकररावांनी दुरूनच हात केला.

"अंधाऱ्यांचं पार्सल ना? माझ्यामागं या," ते म्हणाले. "अन् हे पहा, तिथं गेल्यावर ते विचारतील कुठं आला म्हणून. तर अरुणोदय म्हणजो बापा. पाया पडतो."